रेन्स्केला ऐकू आलं

मोठी माणसं लहान मुलांच्या खुर्च्यांवर बसल्यावर कशी दिसतात ते पाहायचं असेल, तर आमच्या मेळाव्याला यावं. दर ऑक्टोबरात उत्तरेकडच्या शाळांतले आम्ही मॉन्टेसरी शिक्षक फ्रीसलँडच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या विटांच्या घरात शनिवार-रविवार जमतो. गुडघे हनुवटीला लावून बसतो, मणी ओवतो, एका चंबूतलं पाणी दुसऱ्यात ओततो आणि मुलांना जे करायला लावतो ते आपल्याला कितपत जमतं ते पाहतो. पुष्कळांना जमत नाही. ग्रोनिंगेनचा हार्मेन दरवर्षी पाणी सांडतो आणि दरवर्षी ओरडतो, "बंधारा फुटला, पळा!"

घर समुद्राच्या बंधाऱ्याला अगदी खेटून आहे. एके काळी शहरांतली फिकुटलेली, खोकणारी मुलं हवापालटासाठी इथे ठेवत. त्यांच्या कोटांच्या खुंट्या दिवाणखान्यात अजून आहेत, माझ्या कमरेच्या उंचीवर. आम्ही त्यांना पिशव्या अडकवतो.

माझं नाव वीप्के. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि अजूनही नाही, म्हणून जे घडलं तेवढंच सांगते.

रेन्स्के आणि मी एकच वर्ग मिळून घेत होतो, इतकी वर्षं की वर्गातल्या आमच्या पहिल्या विद्यार्थ्यांची मुलं आता आमच्याकडे येतात. आवाज माझा, माया तिची. त्या शनिवारी सकाळी गाडीत ती म्हणाली, "वीप, एक सांगायचंय. ओरडू नकोस."

"मी कधी ओरडते?"

"नाही गं, ओरडच. नाहीतर मला ऐकू यायचं नाही."

मी हसले. ती हसली नाही. तिने केस बाजूला करून कानामागचं यंत्र दाखवलं. कित्येक महिने केसांखाली लपवलं होतं, आणि मी तिच्या शेजारी बसून आंधळी! यंत्राने चमचे पडल्याचा आवाज घणासारखा ऐकू येई, पण कुजबुज गायब. "मुलं कानाशी येऊन गुपित सांगतात आणि मी नुसती मान हलवते," ती म्हणाली. "परवा लिट्स म्हणाली, आमचं मांजर मेलं. मी म्हटलं, वा, छान."

मुख्याध्यापिकेच्या कानावर काहीतरी गेलं होतं. सुट्टीनंतर 'जरा बोलू' असा निरोप आला होता. वर्ग काढून घेतला तर रेन्स्केजवळ दुसरं काही नव्हतं. नवरा नाही, मूल नाही, होतं ते सगळं त्या वर्गात होतं.

"आणि इथे शांततेचा खेळ असणार," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर कळेल."

हा खेळ आम्ही मुलांशी खेळतो. सगळ्यांनी गोल करून बसायचं, डोळे मिटायचे, श्वाससुद्धा ऐकू येता कामा नये. बाई मागच्या दाराबाहेर जाऊन उभ्या राहतात आणि एकेकाचं नाव हळूच घेतात. ज्याचं नाव येईल त्याने आवाज न करता उठायचं, चवड्यांवर चालत बाईंकडे जायचं आणि तिथे हात मागे बांधून उभं राहायचं. तीन वर्षांचं पोरही नाव येईपर्यंत हलत नाही. हलण्यापेक्षा आपलं नाव येण्यात जास्त सुख असतं.

"माझ्या डावीकडे बस," मी म्हटलं. "तुझं नाव आलं की पायाने पायावर दोनदा टकटक करीन. ऊठ आणि चालू लाग. कुणाच्या बापाला कळणार नाही."

तिने माझा हात असा दाबला की गिअर बदलता येईना.

दुपारी आलेइडाबाईंनी खेळ घेतला. त्या आमच्या सगळ्यांच्या गुरू, ऐंशीच्या घरातल्या, काठीसारख्या ताठ. त्या दक्षिणेकडच्या दाराबाहेर गेल्या. उत्तरेला काचेचं दार, त्यापलीकडे बंधारा. आम्ही डोळे मिटले. शेगडीतली राख खचल्याचं ऐकू येत होतं. हार्मेनचं नाव आलं, मग झ्वोलेच्या शाळेतल्या दोघींची. मी पाय तयार ठेवून बसले होते.

रेन्स्के उठली.

तिचं नाव आलेलं नव्हतं. मी डोळे उघडले तर ती चवड्यांवर चालली होती, आलेइडाबाईंकडे नाही, उलट्या दिशेने, काचेच्या दाराकडे. तिथे जाऊन ती हात मागे बांधून उभी राहिली. बाजूने तिचे गाल लाल झालेले दिसत होते. लहान मुलांचे होतात तसे.

खेळ संपल्यावर हार्मेन म्हणाला, "रेन्स्के, तुझी गाडी उलटी लागली होती वाटतं?" सगळे हसले, तीही हसली. मी तिला बाजूला घेतलं.

"अगं, तुझं नाव कुठे आलं होतं?"

"आलं!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "वीप, मला ऐकू आलं. इतकं स्वच्छ! नाव घेण्याआधीचा श्वाससुद्धा ऐकू आला."

"कुणाचा आवाज होता?"

तिने जरा विचार केला. "ओळखीचा नाही. पण नाव कसं घ्यायचं ते जिला कळतं, तिने घेतलेलं. घाबरलेल्या मुलाला बोलवावं तसं."

महिनोन्‌महिने कुढत असलेलं माणूस पहिल्यांदा हसत होतं. ते कसं मोडायचं?

रात्रीच्या जेवणाला वाटाण्याचं सूप आणि राय धान्याचा काळा पाव होता. हार्मेनने तिच्याकडे मोहरीची बाटली मागितली, परत मागितली, शेवटी स्वतःच उठून घेतली. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. आणि मग भांड्यांच्या एवढ्या खणखणाटात तिने एकदम मान वर केली. चमचा अलगद ठेवला. उठली, खुर्ची दोन्ही हातांनी उचलून टेबलाखाली सरकवली, आम्ही मुलांना शिकवतो तशी, आणि काचेच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

मी मागोमाग गेले. बाहेर बंधाऱ्यावर नुसती मेंढरं होती. रेन्स्केला खांद्याला धरून वळवलं, ओठ वाचता यावेत म्हणून.

"रेन्स्के, कुणी काही बोललेलं नाही. इथे कुणी नाही."

तिचा चेहरा उतरला. "तुला मी बहिरीच बरी वाटते ना?" ती म्हणाली. "तुझ्या पायाने उठणारी."

तोंडात मारल्यासारखं झालं. मला रडू आलं, रागही आला, आणि दोन्हींच्या खाली भीती होती, हे मला तेव्हाच कळत होतं. तिने कानामागचं यंत्र काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "आता नको हे. त्याची मध्ये मध्ये शिट्टी वाजते. ऐकायला अडचण होते."

रविवारी सकाळी दाट धुकं होतं. मेळावा शांततेच्या खेळाने संपतो, तशी रीतच आहे. मी आलेइडाबाईंना गाठलं, सगळं सांगितलं आणि म्हटलं, या वर्षी खेळ नको.

"तिचा चेहरा पाहिलास?" त्या म्हणाल्या. "इतकं तल्लीन झालेलं माणूस मी फार वर्षांनी पाहतेय. तल्लीन झालेल्याला हात लावायचा नाही, हे आता मी तुला शिकवायचं?"

"ती मूल नाही, बाई."

"म्हणून तर."

मी हातापाया पडले, शब्दशः त्यांची बाही धरली. अखेर एवढं ठरलं की त्यांनी रेन्स्केचं नाव सगळ्यांत आधी घ्यायचं. ते नाव आलं की मी पायाने खूण करणार. एकदा ती त्यांच्या दाराला लागली की मी तिला तिथूनच गाडीत घालून घरी नेणार होते. मला ही योजना तेव्हा पक्की वाटली होती.

आम्ही गोल बसलो. रेन्स्के माझ्या डावीकडे, पायांत नुसते लोकरी मोजे. सगळ्यांचे डोळे मिटले. मी मिटले नाहीत.

दक्षिणेकडच्या दारातून आलेइडाबाईंचा आवाज आला, हळू, स्पष्ट. "रेन्स्के."

मी तिच्या पायावर दोनदा टकटक केलं.

तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. नाही, नाही. मग बोट ओठांवर ठेवलं आणि काचेच्या दाराकडे डोळ्यांनी खुणावलं. तिकडून नाव येऊ दे.

मी पुन्हा टकटक केलं. जोरात.

ती उठली.

मी तिचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी धरलं. ती रागावली नाही. एखादं पोर दुसऱ्याच्या चटईवरचे मणी उचलतं, तेव्हा त्याच्याकडे आम्ही जसं शांतपणे पाहतो तसं पाहिलं. आणि मग माझी बोटं एकेक करून सोडवली. तिच्या हातात इतका जोर कधीच नव्हता.

मी तिच्या नावाने ओरडले. त्या खोलीत, त्या खेळात. हार्मेनची पापणीही हलली नाही. एकानेही डोळे उघडले नाहीत. ज्याचं नाव आलं नाही तो हलत नाही.

तिने काचेचं दार उघडलं, बाहेर गेली, आणि आवाज होऊ नये म्हणून दाराची मूठ दोन्ही हातांनी धरून ते लावून घेतलं.

मी धावले. बंधाऱ्याच्या पायऱ्या ओल्या होत्या, दोनदा घसरले. वर पोचले तेव्हा ती पलीकडे उतरून गेली होती. ओहोटी होती. धुक्याखाली राखाडी चिखल पसरलेला, आणि त्यावर ती चवड्यांवर चालली होती.

"रेन्स्के! रेन्स्के, मागे फीर!"

माझा आवाज मैदानापलीकडच्या पोरांना जागेवर थांबवतो. तिच्यापर्यंत तो पोचणारच नव्हता. तिची माझ्याकडे पाठ होती, आणि यंत्र माझ्या खिशात होतं.

मी चिखलात उतरले. पहिल्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले. ती मात्र वरच्यावर जात होती, ओल्या फरशीवरून मूल जावं तशी. मी पाय उपसत होते, ओरडत होते, शेवटी नुसती रडत होते.

दूरवर ती थांबली. हात मागे बांधले. मग जरा बाजूला सरकली.

रांगेत आपल्याआधी आलेल्यांनी जागा करून दिली की सरकतो, तशी.

मग धुकं आलं.

घरात परतले तेव्हा सगळे तसेच बसले होते, डोळे मिटून. दक्षिणेकडच्या दारात आलेइडाबाई रेन्स्केची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांनी माझे चिखलाने भरलेले पाय पाहिले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढे बोटी आल्या, हेलिकॉप्टर आलं. मोजासुद्धा सापडला नाही. धुक्यात वाट चुकली असणार, असं पोलिसांनी सांगितलं. बहिऱ्या माणसाचं होतं असं, असंही एक जण म्हणाला. त्याला मी काय सांगणार?

तिच्या जागी योरिंद आली. चांगली मुलगी आहे, कामसू. मुख्याध्यापिकेने रेन्स्केचा फोटो लावला. गोल करून बसताना मुलं माझ्या डावीकडची खुर्ची अजून रिकामी ठेवतात. मी त्यांना तसं सांगितलेलं नाही.

वसंतात मी कान दाखवले. दोन्ही उतरत चाललेत, वयाने होतं, असं डॉक्टर म्हणाले. यंत्र घ्या म्हणाले. घेते म्हटलं आणि घेतलं नाही. शाळेत अजून कुणाला सांगितलेलं नाही. आता रेन्स्केची चूक काढायला मला तोंड राहिलेलं नाही.

शांततेचा खेळ मी बंद केला होता. पण काल मी दूध आणायला गेले तेवढ्यात मुलांनी योरिंदकडे हट्ट धरला. परत आले तर सगळे डोळे मिटून बसलेले, आणि लिट्स मला हाताने खुणावत होती, बस, बस. एवढ्या पोरांची शांतता कशी मोडणार? मी माझ्या खुर्चीत बसले.

योरिंद बाहेर गेली. मला तिचं काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त मुलं एकेक करून उठताना दिसत होती, चवड्यांवर, हसऱ्या चेहऱ्याने, सगळी तिच्या दाराकडेच. मी प्रत्येकावर नजर ठेवून होते. शेवटी लिट्स उठली, खुर्ची उचलून आत सरकवली आणि गेली. सगळी तिकडेच गेली. माझा जीव भांड्यात पडला.

मोकळ्या खुर्च्यांच्या गोलात मी एकटी उरले. आता माझं नाव येणार होतं. मी कान देऊन बसले, श्वास रोखून. काहीच ऐकू आलं नाही.

मग माझ्या डाव्या पायावर कुणीतरी हलकेच दोनदा टकटक केलं.