दगडाला घातलेलं मीठ

माणसानं दुसऱ्याच्या अंगणात पाय टाकताना निदान खाकरावं. पण हा दगडांचा मोजणीवाला! फाटक ढकलायचा, चिखलाच्या बुटांनी थेट आत यायचा आणि अंगणातल्या मोठ्या दगडापुढे असा गुडघे टेकायचा, जणू त्याची नाडीच बघतोय.

आत्यानं पहिल्याच दिवशी त्याला झापलं. "खाकरायला घसा दुखतो का रे?"

"नाही. आवाज केला तर दगड पळून जाईल, असं वाटलं."

आत्याला उलट उत्तर देणारा माणूस त्या दगडकामाच्या अंगणात वीस वर्षांत आला नव्हता. भिंतीशी बसून पाटा घडवणारी भाची खुदकन हसली आणि तिचा घाव चुकला. भाचीचा घाव कधी चुकत नसे. आत्यानं हसणंही पाहिलं, घावही पाहिला.

आत्याची शाळा दुसरीतच सुटली होती. पण दगड कुठून चिरेल, हे ती नुसतं बोट फिरवून सांगायची. म्हणून मोजणीवाला "हा दगड इथला नाहीच" म्हणाला, तेव्हा तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"तीन पिढ्या आमच्या अंगणात आहे, आणि इथला नाही?"

"तुमचा डोंगर काळा, हा लालसर. फार पूर्वी वरच्या खोऱ्यात हिमनदी होती. बर्फाची नदी. तिनं हा तिकडून उचलून आणला. हे चरे बघा... खालच्या खडकाला घासत आलाय."

"बर्फ म्हणे वाहतो!"

"वाहतो ना. दिवसाला जेमतेम वीतभर. पण वाटेतला डोंगर झिजवून टाकतो."

"वीतभर?" भाचीनं मान वर न करता विचारलं. "मग ही नदी तुमच्यापेक्षा चपळच म्हणायची. तुम्हाला एक चरा मोजायला अख्खी सकाळ लागते."

"नाजूक असतो चरा. घाई केली तर रुसेल."

"दगड रुसत नाहीत."

"दगडाचं नाही म्हणत मी—"

पुढचं त्यानं गिळलं. भाचीचे कान लाल झाले. थंडीचे दिवस आहेत, कान लाल व्हायचेच... असं आत्यानं स्वतःला सांगितलं.

त्याच आठवड्यात दवाखान्याच्या पायऱ्यांचं काम आलं आणि आत्यानं तो दगड फोडायचं ठरवलं. रीत जुनीच. दगडावर ओळीनं भोकं पाडायची, संध्याकाळी त्यांत पाणी भरायचं, वर लाकडी खुंट्या ठोकायच्या. कडाक्याच्या थंडीत पाण्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि सकाळी दगड चिरलेला. डोंगराचे कडे असेच निखळतात. हे आत्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

"दगड फुटला की माझं इथलं काम संपलं," मोजणीवाला म्हणाला. आत्याला म्हणाला, पण बघत होता भाचीकडे. भाचीनं बादली उचलली.

सकाळी दगड अखंड! दुसऱ्या सकाळीही तसाच. अंगणातली पाण्याची घागर थंडीनं तडकली, दगड मात्र ढिम्म.

तिसऱ्या दुपारी भाजी अळणी लागली. आत्यानं मिठाची बरणी काढली, तर तळाला चार खडे. ती ताटावरून उठली, तडक अंगणात गेली, एक खुंटी उपटली, भोकात बोट बुडवून चाटलं. खारट! उंबऱ्यावरच्या बर्फावर दर थंडीत मीठ टाकणाऱ्या बाईला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. खारं पाणी सहजी गोठत नाही.

मोजणीवाला तिथेच होता. अर्थातच न खाकरता आलेला.

"माझ्या पोरीला घरचं मीठ दगडाला घालायला शिकवलंस होय रे?"

"मीठ? कसलं मीठ?"

त्याचा चेहरा इतका कोरा होता की खोटेपणाला त्यात जागाच नव्हती. त्यानंही बोट बुडवलं, चाटलं. मग हळूच भिंतीकडे वळला. तिथली हातोडी केव्हाच थांबली होती.

"मी घातलं, आत्या," भाची म्हणाली. "दगड फुटला असता तर... हे निघून गेले असते."

"त्याची मोजणी अर्धवट राहील म्हणून?"

"मोजणीसाठी नाही..."

मोजणीवाल्यानं वही उघडून आत्यापुढे धरली. अक्षरांशी आत्याचं जमत नसे, पण आकडे चोख कळत. तिनं पानं उलटली.

"हे काय? आठ पानांवर एकच आकडा?"

"मोजणी आठ दिवसांपूर्वीच संपली." तो भाचीशीच बोलत होता. "चरे काही वाढत नाहीत, माहीत होतं मला. पण इथून पाय निघेना."

"मग सांगायचं नाही?"

"तू कायम छिन्नी-हातोडी घेऊन बसलेली. धीर कसा होणार?"

भाची हसली. डोळे पुसत हसली. 'तुम्ही'चं 'तू' झालेलं आत्यानं ऐकलं आणि सोडून दिलं. ती दगडाकडे बघत राहिली. कुठल्या कुठून आलेला, अंगभर ओरखडे, आणि त्याच्याशिवाय हे अंगण कधी कुणी पाहिलेलं नाही.

मोजणीवाल्याला एकदम काही आठवलं. तो फाटकाबाहेर गेला, फाटक लावून घेतलं आणि जोरात खाकरला.

"आत येऊ का? तुमच्याकडे काही मागायचंय."

आत्यानं कमरेवर हात ठेवले.

"आता खाकरतोस होय, परक्यासारखा? हा दगडही न विचारताच आला होता, त्याला कुणी हाकललं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या मी काळ्या दगडाच्या करीन. तू आधी दुकानात जा आणि मीठ घेऊन ये. अळणी जेवणावर मी सोयरीक जमवत नाही!"