मध्ये कोण आहे

बातमी आली तो मंगळवार अगदी साधा होता. ही दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. मी गाणी लावून पुस्तकांवरची धूळ पुसत होतो. फोन वाजला तेव्हा म्हणालो, "एक मिनिट हं, आवाज कमी करतो." पलीकडची नर्स थांबली. मग तिनं सांगितलं. रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं होतं. ही गेली होती.

"शेवटी काहीतरी सांगत होत्या," नर्स म्हणाली. "पण दात काढलेला, तोंडाला भूल होती. नाही कळलं."

तिसऱ्या महिन्यात स्पीकरचा आवाज तुटू लागला. दोन्ही बिनतारी, कपाटावरच्या प्लेअरला जोडलेले, वायरी पायांत येतात म्हणून हिनंच आणलेले. रोज साडेपाचला आधी दाराजवळचा गप्प व्हायचा, मग माझ्या खुर्चीजवळचा.

दुरुस्तीवाला आला. "शेजाऱ्यांचं वायफाय असणार, काका. शेजाऱ्यांसारखंच असतं ते, न बोलावता आत येतं."

त्यानं चॅनेल बदललं, राउटर बंद केला, मायक्रोवेव्हची पिन काढली. माझा फोनही बंद केला. मग कपाट आणि दाराजवळचा स्पीकर यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. गाणं तुटलं. बाजूला झाला, पुन्हा सुरू झालं.

"बघा. माणसाच्या अंगात पाणी असतं ना, त्यात लहरी अडतात. तुम्हीच येत-जात असाल मधून."

"मी खुर्चीतच असतो."

"बरं, बसा तसेच." तो भिंतीला टेकून उभा राहिला.

साडेपाच वाजले. दाराजवळचा स्पीकर गप्प झाला. दोन-तीन पावलांइतका वेळ गेला आणि तो पुन्हा वाजू लागला. मग माझ्या शेजारचा गप्प झाला. तो गप्पच राहिला. खोलीत लवंगेच्या तेलाचा वास आला.

"काका..." तो हळूच म्हणाला, "मध्ये कोण आहे?"

त्यानं हत्यारं पिशवीत कोंबली. पक्कड टेबलावरच राहिली. फोन केला तर आता उचलत नाही.

हल्ली ती शांतता बराच वेळ टिकते. मी खुर्चीत बसून राहतो. काय सांगायचं होतं, एवढंच विचारायचं असतं. तोंड उघडतो, तर ओठ बधिर झालेले असतात, जीभ जड. सातच्या सुमारास गाणं परत सुरू होतं आणि जीभही सुटते.

विचारायचं अजून राहिलंच आहे.