नळ कुणी धरला होता?

रात्र नव्हती, हे आधीच सांगतो. रविवारची भर दुपार होती.

ही गोष्ट माझ्या सख्ख्या काकांच्या स्वयंपाकघरात घडली. विश्वास ठेवा, नका ठेवू. काका थापा मारणाऱ्यातले नाहीत, आणि शेवटी जे झालं ते मी स्वतः अनुभवलंय.

काकांचं सारं आयुष्य लोकांचे नळ दुरुस्त करण्यात गेलं. आणि घरात? दिव्याखाली अंधार! सिंकवरचा जुना पितळी नळ वर्षानुवर्षं गळत होता.

"जगाचं पाणी थांबवता, माझ्या घरातली टिपटिप तेवढी थांबत नाही," काकू म्हणायची.

"पुढच्या रविवारी," काका म्हणायचे.

एकदा दोघांनी तो काढायला घेतला होता. असा नळ काढायला दोन माणसं लागतात. एकाने वरून नळ गच्च धरायचा, दुसऱ्याने सिंकखाली आडवं पडून पान्याने नट फिरवायचा. वर कुणी नसेल तर नटाबरोबर नळही गरगर फिरतो आणि काम तसूभर पुढे सरकत नाही.

काकांना ऐकू कमी येतं, म्हणून खूण ठरलेली. हात दुखायला लागले की काकूने अंगठी नळावर दोनदा वाजवायची... टक... टक. खाली काकांच्या हाताला ते पान्यातून कळायचं. मग ते म्हणायचे, "सोड." तोवर ती सोडायची नाही.

पण त्या दिवशी नट हट्टालाच पेटला. काकूची मनगटं संधिवाताने सुजलेली. काम राहिलं ते राहिलंच. पुढे तिने अंथरूण धरलं.

शेवटच्या दिवसांत ती काकांचा हात धरून पडलेली असायची. "मला सोडून जाऊ नकोस गं," एवढंच ते म्हणत राहिले. डॉक्टरही म्हणाले, या कशाच्या बळावर टिकल्यात ते कळत नाही.

ती गेल्यावर काकांनी नवा नळ आणला. निदान तिचं एवढं मागणं तरी पुरं करू. काकांचं मन खात होतं.

"मला का नाही बोलावलंत धरायला?" मी नंतर विचारलं.

"ती तिची जागा होती रे."

काकांनी पाणी बंद केलं, पाइप सोडवला आणि सिंकखाली आडवे झाले. पाना लावला. नळ गरगर फिरला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. घामाघूम झाले आणि सवयीने तोंडातून निघून गेलं...

"धर गं."

नळ फिरायचा थांबला.

काकांनी पान्याला जोर दिला. नळ जागचा हलला नाही. वरून कुणीतरी तो गच्च धरला होता...

काकांनी मान वळवली. तिथून ओट्यासमोरची फरशी दिसत होती.

फरशीवर पाय नव्हते.

"भीती नाही वाटली रे," काका मला म्हणाले. "वाटलं, हे काम संपूच नये."

नट करकरत सैल झाला. काकांनी तो परत आवळला. सैल करायचा, पुन्हा आवळायचा. आणि तिच्याशी बोलायचं. चहा अजून जमत नाही. तुझी निळी चादर सापडत नाही. घर खायला उठतं गं.

मग पान्यातून हाताला कळलं...

टक... टक.

अंगठी तर कपाटात होती, कुलपात.

काकांना रडू फुटलं. तिचे हात दुखत होते. अंथरुणावर होती तेव्हाही दुखत असतील, आणि आपण आपलं सोडू नकोस, सोडू नकोस करत राहिलो.

टक... टक. या वेळी जरा घाईने.

काकांनी नट पूर्ण काढला. शब्द मात्र ओठांवर येईना.

"सोड गं," शेवटी ते म्हणाले. "सोड आता. माझं मी बघतो."

वर जुना नळ खणकन सिंकमध्ये पडला.

मी संध्याकाळी गेलो, तेव्हा नवा नळ बसवून झाला होता. थोडा वाकडा.

"मी वरून धरतो काका, सरळ करू."

"राहू दे. एकट्याने बसवलेला नळ असाच बसतो."

हल्ली भांडी घासून झाली की काका बोटाने नळावर दोनदा वाजवतात आणि बोट तिथेच टेकवून थांबतात. परवा मी शेजारीच उभा होतो. माझा हात नळावर होता. काकांनी वाजवलं. थांबले. मग कितीतरी दिवसांनी हसले.

"काही नाही. दुखायचे थांबले तिचे हात."

ते हात पुसत बाहेर गेले.

आणि माझ्या तळव्याखाली, त्या नव्या नळातून...

टक... टक.

काकांना मी हे अजून सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू?