दुसऱ्या मजल्यावरचा रुमाल

दुसऱ्या मजल्यावरची मोठी जागा रिकामी झाली हे कळलं, तेव्हा मी एका म्हशीच्या शेपटीपाशी उभी होते. मंठ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करते मी. बहुतेक बातम्या मला तिथंच कळतात. म्हैस मोकळी केली, हात धुतले आणि थेट आमची बिल्डिंग गाठली.

दार उघडंच होतं. ऐसपैस खोल्या, सैपाकघर, गॅलरी... आणि खिडकीच्या कट्ट्यावर निळ्या चौकड्यांचा एक रुमाल. नीट पसरलेला. शेजारी भिंतीला टेकून ऋषी बसला होता — तळमजल्यावर राहणारा, बँकेतला. जिन्यात आजवर आम्ही एकमेकांना ‘तुम्ही आधी’ यापलीकडे काही बोललो नव्हतो.

“जागा धरलीये,” तो म्हणाला. नम्रपणे.

“ही काय एसटी आहे?”

“नाही. पण मालक कंडक्टर होते.”

हे मात्र खरं होतं. आमचे घरमालक तातेराव महामंडळातून रिटायर झालेले, अजून सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. खिडकीतून ज्याचा रुमाल आधी आत पडला त्याची सीट, या एका कायद्यावर त्यांनी सगळी नोकरी काढली.

“मी दिवाळीतच मास्तरांना सांगून ठेवलं होतं,” मी म्हणाले. “आणि करारात लिहिलंय, मोठी जागा निघाली तर आधी जुन्या भाडेकरूला विचारायचं. मी तुमच्याआधीपासून राहते इथं. हक्क आहे माझा.”

“हक्क तुमचा, रुमाल माझा,” तो म्हणाला आणि हसला. हसायला नको होतं त्यानं. मी पुढं काय बोलणार होते ते विसरले.

मास्तरांनी दोघांचं डोळे मिटून ऐकून घेतलं.

“करारावर माझी सही हाय, ते बी बराबर. रुमाल आधी पडला, ते बी बराबर. मंग आता तुमचं तुम्ही मिटवा. पन ध्यानात ठेवा, रुमालवाला गाडीपाशी हजर पाहिजे, न्हाईतर रुमालाला अर्थ न्हाई. अन् हक्कवाली बी हजर पाहिजे.”

म्हणून आम्ही रोज संध्याकाळी त्या रिकाम्या घरात हजर राहायला लागलो. तो खिडकीपाशी, मी दारापाशी. मधे फरशी.

मला जागा हवी होती आईसाठी. माझी आई, साखराबाई, कुंभार पिंपळगावहून माझ्याकडे आलेली. गावाकडं तिचं आता कुणी उरलं नव्हतं. माझी एकच खोली. आई आडवी झाली की तिचे पाय ओट्याखाली, सिलेंडरपाशी जायचे. “पोळ्यापस्तोर बघते,” तिनं सांगून टाकलं होतं. “मंग जाते घरी. तिथं पाय तरी लांब करता येतेत.” आई बोलते ते करते. ती तिकडं एकटी आणि मी इकडं एकटी... हे मला नको होतं.

“आणि तुम्हाला कशाला हवी एवढी जागा?” मी एकदा विचारलं.

“डायनिंग टेबल आहे.”

“म्हणजे?”

“गणेश मंडळाच्या सोडतीत पहिलं बक्षीस लागलं. आठ माणसांचं. खोलीत तेच मावलंय. मी खाली झोपतो.”

“टेबलाखाली?”

“पावसाळ्यात बरं असतं. छताखाली अजून एक छत.”

तो गंभीरपणे सांगत होता. मी ओढणीत तोंड लपवून हसले... बाहेर श्रावणाची सर येऊन गेली होती, आणि गॅलरीच्या गजावरून थेंब एकेक करून घरंगळत होते. तो त्यांच्याकडे बघत नव्हता.

हळूहळू भांडणाची वेळ ठरून गेली. आई दोघांसाठी भाकरी आणि ठेचा पाठवायची. “भांडायला बी ताकद लागती,” म्हणायची. तो करारातलं कलम खोडून काढायचा, मी रुमालाची खिल्ली उडवायचे. दवाखान्यात एका बैलानं मला ढकललं, त्या संध्याकाळी तो हळदीचं दूध घेऊन आला... आणि लगेच म्हणाला, “याचा अर्थ मी जागा सोडली असा नाही.”

“मी कुठं म्हणाले?”

“नाही, आपलं... नोंद असावी.”

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पिशवी भरून जिन्यात उभी राहिली. मी तिचा हात धरला, रडू आवरेना. “आई, थोडे दिवस थांब. मिटेल गं.”

“तुमचं काय मिटत न्हाई,” आई म्हणाली. “जाऊ दे मला.”

आवाज ऐकून ऋषी बाहेर आला. पिशवी बघितली आणि त्याचा चेहरा पडला.

“मावशी, जागा तुमचीच आहे. मी... टेबल केव्हाच विकलं. मंगल कार्यालयाला.”

“केव्हाच म्हणजे?” मी विचारलं.

“तुम्ही वाटूरला लसीकरणाला गेल्तात, तेव्हा.”

म्हणजे बैलाच्याही आधी! “मग रोज येऊन भांडत कशाला होतात?”

तो जिन्याच्या कठड्याशी बोलल्यासारखा बोलला. “मिटलं असतं, तर तुम्ही परत बसायला आला असता का?”

मला राग आला. खरंच आला. तो नेमका कुठं ठेवावा ते कळेना.

“टेबल काढताना मीच की दार धरलं व्हतं,” आई म्हणाली.

“आई! तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस?”

“मला वाटलं, तुला बी ठावं हाय, अन् तू बी नाटक करून राह्यली.” मग ती ऋषीकडं वळली. “एवढ्यासाठी मला पाय दुमडून झोपवलं व्हय रं? माझ्याजवळ बोलला असता तर जागा पहिल्या दिवशी भेटली असती, अन् हिला समजवायचं मी बघितलं असतं.”

“चुकलं, मावशी.”

“चुकलं न्हवं. कॉट उचल.”

अशा रीतीनं मास्तरांना न विचारता आम्ही ताबा घेतला. आईची लोखंडी कॉट, जागेअभावी इतके दिवस माझ्या खोलीत भिंतीला उभी केलेली. जड. पुढून ऋषी, मागून मी. पहिल्या वळणावरच ती अशी अडकली की तो वर कोंडला गेला आणि मी खाली. मधे गज. मास्तर वरून ओरडले, “मागं घ्या, मागं!”

कुणीच मागं घेतलं नाही.

“प्रांजली,” तो गजाआडून म्हणाला. पहिल्यांदाच नावानं. “मला तुम्ही... फार आवडता.”

माझे हात भरून आले होते.

“मला पण,” मी म्हणाले.

“काय?”

“ऐकू आलंय तुम्हाला. जरा तिरकी करा... आई खाली उभीये.”