आथाओची हाक

त्या दिवशी सकाळपासून लानचिन अंडी उकडत होती. मुलाला महिना पूर्ण झाला की गावभर लाल अंडी वाटायची, हे आमच्या त्या नदीकाठच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाळंतीण महिनाभर खोलीबाहेर पाऊल टाकत नाही, त्यामुळे नुसतं चुलीपुढे बसायला मिळालं याचंसुद्धा तिला अप्रूप वाटत होतं. रंगात हात घालून घालून बोटं मनगटापर्यंत लाल झाली होती. नवरा शानपिंग बांबूचे तराफे घेऊन नदीनं खाली गेलेला, तो भातं निघेपर्यंत काही परतणार नव्हता. घरात काय ती सासू, सून आणि टोपलीत झोपलेला मुलगा.

अंगणात सासूबाई, म्हणजे क्वांग म्हातारी, शेजारच्या तेंगकाकूंशी बाळाच्या नावावरून हुज्जत घालत होती.

"घाणेरडंच नाव ठेवायचं बाई! भुतंखेतं मग ढुंकून बघत नाहीत. माझ्या दिराला 'कुत्रा' म्हणायचे. नव्वदीपर्यंत जगला मेला, आणि मरेपर्यंत माझ्यावर भुंकला."

तेंगकाकू खो खो हसल्या. "कुत्रे गावात ढीगभर झालेत हो. एका हाकेला चार पोरं धावत येतात. त्यापेक्षा मुलीचं नाव ठेवा. पोरगी समजून कोण नेतंय उचलून?"

"हे बाकी लाखातलं बोललीस! पोरीला भूतसुद्धा विचारत नाही." म्हातारीला कल्पना भलतीच आवडली. "शाळेत घातला की गुरुजी देतीलच खरं नाव, त्याच्या पिढीच्या सगळ्या पोरांच्या नावात असतं ते अक्षर लावून. तोवर हेच. सूनबाई, सांग गं एखादं पोरीचं नाव. येईल तोंडात ते सांग."

लानचिनचा हात रंगात थबकला. "आथाओ," ती म्हणाली.

आथाओ म्हणजे पीचचं झाड. अंगणाच्या कोपऱ्यात एक होतंच, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. म्हातारी टोपलीवर वाकली आणि लाडानं म्हणाली, "आथाओ गं, माझी आथाओ! कुठं होतीस गं इतके दिवस?"

आणि लानचिन चुलीकडे तोंड करून हसली. तसं हसू बाईच्या तोंडावर बरं नव्हे.

कारण दोन वर्षांपूर्वी, पीच फुलले होते तेव्हा, तिला मुलगी झाली होती. रडली होती चांगली खणखणीत. सासूबाईंनी तिला अंघोळ घालायला म्हणून नेली आणि लाकडी बादलीत घातली, ती बाहेर काढलीच नाही. "मेलेलीच जन्मली," असं गावाला सांगितलं. महिना न झालेल्या पोरीला नाव कुठलं, आणि बिननावाच्या पोरीला थडगं तरी कुठलं? गवतात गुंडाळून नदीला देऊन टाकली. पण लानचिननं मनातल्या मनात नाव ठेवलं होतं, खिडकीतून दिसणाऱ्या त्या झाडावरून. ते तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

ज्या तोंडानं पोरीला पोरगी म्हटलं नाही, त्या तोंडात आता तिचं नाव उठताबसता यायला हवं. लाडानं यायला हवं. एवढाच सूड हवा होता तिला. बिचारीनं एवढंच मागितलं होतं, याला मी साक्षी आहे. पुढचं तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

म्हातारी दिवसभर हाका मारायची. कोंबड्यांना दाणे टाकताना आथाओ, भाजी निवडताना आथाओ. काही दिवस लानचिनच्या काळजाला थंडावा मिळाला. मग एका दुपारी म्हातारीनं नेहमीसारखी हाक मारली आणि वळून दाराकडे बघितलं.

"सूनबाई, तू बोललीस?"

"नाही."

"मग ओ कुणी दिली?"

लानचिन उठून बाहेर आली. अंगणात रखरखीत ऊन होतं. नदीकडे जाणाऱ्या फरसबंदीवर मात्र ओले डाग होते. लहान लहान, तळहाताएवढे, दारापर्यंत आलेले. वारा नव्हता, तरी नदीच्या गाळाचा वास आला. तिनं बाळाला उचललं, तर त्याचं दुपटं चिंब. त्यानं काही ओलं केलं असेल म्हणावं, तर ते पाणी गार होतं आणि त्याला शेवाळाचा वास होता.

त्या रात्रीपासून बाळाला ताप भरला. वैद्यांनी काढे दिले, आल्याचा रस चोळला, पण ताप हटेना. मूल दूध ओढेना. डोळे उघडे ठेवून ते दाराकडे टक लावून बघायचं, जणू दारात कुणीतरी त्याला खेळायला बोलावतंय. वैद्य जाताना नजर चुकवून गेले. तेव्हा मात्र लानचिनच्या काळजाचं पाणी पाणी झालं. आपला सूड आपल्याच पोराच्या मुळावर आला, हे तिला लख्ख कळलं. एक गेली होती, आता हाही जाणार.

म्हातारी खमकी होती. तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. "आत्मा भरकटलाय पोराचा," ती म्हणाली. "हाक मारून आणायला हवा." दिवेलागणीला तिनं बाळाचं झबलं घेतलं आणि उंबरठ्यावर उभी राहिली. "मी हाक मारीन. तू आतून 'आली' म्हण. मुलीचं नाव आहे ना, 'आली'च म्हणायचं. चुकू नकोस हं... नाहीतर रुसून परत जाईल."

झबलं हवेत हलवत तिनं नदीकडे तोंड केलं. "आथाओ! अंधार पडला गं, घरी ये!"

लानचिन बाळाला छातीशी धरून आत बसली होती. आत्ता उठावं, म्हातारीचे पाय धरावेत, सांगावं, की ही हाक त्याला जात नाहीये, दुसरं नाव घ्या...

"सूनबाई, अगं बोल की!"

लानचिननं बाळाला आणखी घट्ट आवळलं.

"आथाओ! पाण्यात राहू नकोस गं, गारठशील... घरी ये!"

पाण्यात राहू नकोस. आत्म्याला बोलावताना असंच म्हणतात, म्हणून म्हातारी म्हणाली. पण ते शब्द त्या तोंडून ऐकले आणि लानचिनच्या अंगाची लाही लाही झाली. बाहेर फरसबंदीवर काहीतरी चपचपत येत होतं. रांगणारं मूल ओल्या तळव्यांनी येतं ना, तसा आवाज. बाळ तिच्या मांडीवर धपापत होतं. मागं फिरायला आता वेळ नव्हता. आणि खरं सांगायचं तर तिला मागं फिरायचंही नव्हतं.

"आली," लानचिन म्हणाली. मग आवाज चढवून म्हणाली, "ये गं आथाओ. भावाला सोड. आजी दारातच उभी आहे बघ."

म्हातारीच्या हातून झबलं पडलं. ती मागं वळली तेव्हा तिचे दोन्ही हात मूल घेतल्यासारखे छातीशी वळलेले होते. हातांत काहीच नव्हतं. पण सदरा भराभर भिजत होता आणि बाह्यांतून पाणी गळत होतं.

"सूनबाई..." म्हातारी आपल्या हातांकडे बघत म्हणाली. "ही... ही कोण आहे गं?"

"तुमची नात. नाव तुम्हीच तर घेताय रोज."

त्याच क्षणी बाळाचा ताप उतरला. त्याला दरदरून घाम फुटला आणि ते अधाशासारखं दूध प्यायला लागलं.

म्हातारीचे हात पुन्हा सरळ झाले नाहीत. गावानं अंगावरून वारं गेलं म्हटलं. तेंगकाकूंनी मालिश केली, त्यांच्याच बोटांना सुरकुत्या पडल्या, कपडे धुतल्यावर पडतात तशा. म्हातारी कोपऱ्यात बसून असायची, खांदे वाकलेले, ओझं वाढत चाललेलं. पेज भरवली तर तोंडातून पाणीच यायचं. एकदा सून जवळून जाताना तिनं रडवेली हाक मारली.

"लानचिन... तू आई आहेस तिची. तू सांग ना तिला. एका शब्दानं सोडेल..."

लानचिन तिच्यासमोर बसली. शांतपणे म्हणाली, "तीही रडत होती. तुम्ही सोडलंत?"

म्हातारी गेली ती भरदुपारी, कोरड्या ठणठणीत खोलीत. तोंडाला फेस आणि पोट फुगलेलं. आंघोळ घालणाऱ्या बायकांनी ते पाहिलं, आणि नंतर त्या घरचं पाणी कुणी प्यायलं नाही.

म्हातारीचे दिवस घातल्यावर लानचिननं घर झाडलं, दार सताड उघडलं आणि हात पसरले. "ये गं बाई. आता कुणी नाही मध्ये. आईकडं ये." संध्याकाळपर्यंत ती तशीच उभी होती. कुणी आलं नाही. ती ओक्साबोक्शी रडली आणि बाळाला घेऊन पलंगावर आडवी झाली.

सवयीनं भिंतीकडं वळली, तर भिंत ओली होती. तिच्या तोंडासमोरच, तान्ह्या मुलाच्या लांबीएवढी ओल, आणि त्या ओलीतून कुणी मंद श्वास सोडत होतं.

आणखी एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. आपल्या मनालासुद्धा नाही. त्या सकाळी सासू पोरीला घेऊन गेली, बादलीत पाणी ओतल्याचा आवाज आला, तेव्हा लानचिन जागी होती. अंगात उठायचं बळही होतं. बळ असून तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं होतं.

मुलगा मोठा झाला. गुरुजींनी त्याला शाओवेन हे छान नाव दिलं, जुनं नाव घरात कुणी घेत नाही. शानपिंगनं त्या भिंतीला कितीदा चुना फासला, वरून गवताची चटई ठोकली, पलंगही हलवून पाहिला. ओल पलंगामागोमाग सरकते. आणि ती वाढते. शाओवेन दाराच्या चौकटीला टेकून उंची मोजतो तेव्हा लानचिन गुपचूप भिंतीपाशी जाऊन बघते. ओल नेहमी त्याच्यापेक्षा थोडी उंच असते, दोन वर्षांनी थोरल्या बहिणीएवढी. यंदा ती लानचिनच्या खांद्याला लागली आहे, आणि आता तिला हातही फुटले आहेत.