न वाळणारा सरस

"अहो, थांबा, थांबा! भंगारात घालताय ती?"

भंगारवाल्याच्या काट्यावर चढलेली अर्धवट गिटार त्याने अक्षरशः हिसकावली. पेशाने तो चष्मेवाला, पण रविवारी दुकानामागच्या खोलीत गिटारी घडवायचं भारी वेड! समोरची मुलगी मात्र थकलेल्या आवाजात म्हणाली, "बाबा घडवत होते. पाठ बसवायची राहिली आणि... तेच गेले. घरही विकलं. महिनाअखेरीला मी आईकडे जातेय, मावशीच्या गावी. कुठे नेऊ हे लोढणं?"

"मी पुरी करतो. पण तुम्हाला यावं लागेल हं. एकट्याने शिकंजे आवळता येत नाहीत."

साफ थाप! आजवरच्या सगळ्या गिटारी त्याने एकट्यानेच केल्या होत्या. तरी ती आली.

पहिल्या रविवारी दोघांनी पाठीच्या कडेला गरम सरस लावला, पाठ दाबून धरायला शिकंजे आवळले. बाहेर कुंद आभाळ. बोटाला बोट लागलं आणि दोघंही उगाचच खोकली. ती गेली, आणि त्याच्या मनात आलं: पाठ चिकटली की ही कशाला येतेय? शनिवारी त्याने सुरी गरम केली आणि चिकटलेली पाठ हळूच सोडवली.

"दमट हवा," रविवारी तो मान खाली घालून म्हणाला. "सरस वाळतच नाही बघा."

"हो का? मग... पुन्हा लावू."

तिसऱ्या रविवारीही तेच. चौथा तिचा शेवटचा.

"सरस एका रात्रीत वाळतो," ती शांतपणे म्हणाली. "बाबा सांगायचे. तुमच्या सुरीला लागलाय अजून."

त्याचा चेहरा पार उतरला. "कधी कळलं?"

"दुसऱ्याच रविवारी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. "जीव जडलाय तुमच्यावर," तो कसाबसा म्हणाला. "आणखी काय सांगू?"

"माझाही जडलाय हो..." तिचे डोळे भरून आले. "पण आई आजारी आहे. जावं लागणारच. बाबांचं काम आज खरंखुरं पुरं करा."

पाठ बसवण्याआधी घडवणाऱ्याने आत नाव लिहायचं असतं. तिने पेन्सिलीने बाबांचं लिहिलं, खाली त्याला त्याचं लिहायला लावलं. शिकंजे तिनेच आवळले. निघताना बाबांनी आणून ठेवलेलं तारांचं पाकीट मात्र पर्समध्ये टाकलं.

"अहो, आणि गिटार?"

"ती तुमच्याकडे. तारा माझ्याकडे."

"मग वाजणार कशी?"

"नाहीच वाजणार... मी येईपर्यंत."

"कधी याल?"

छत्री उघडून ती तशीच निघाली.

पुढच्या शनिवारी त्याने सुरी गरम केली नाही. रविवारी शिकंजे काढले. पाठ घट्ट बसली होती.