घरची का कामाची

श्रम कचेरीत आता कुणी नेमणूकपत्र मागत नसे. नाकाशी नळी धरायला सांगत.

ती नळी ज्या यंत्राला जोडलेली असे त्याला ओढमापक म्हणत. आपल्या माणसाचा आवाज कानी पडला किंवा त्याच्याविषयी बोललं की शरीरात एक रस पाझरतो आणि त्याचा माग श्वासात उतरतो. यंत्र तेवढंच मोजतं. ते काढलं डॉ. माधव सबनीस यांनी, आणि काढलं ते रागाने. घरकामाच्या बाईला "तू तर घरचीच" म्हणायचं आणि त्या एका शब्दावर तिचा करार, तिची सुट्टी, तिचा दवाखाना बुडवायचा, ही रीत त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. मग कायदा झाला. मालक आणि बाई, दोघांची सुई तांबड्या रेघेवर गेली तरच ती घरची. एकाची जरी खाली राहिली तरी ती कामगार, सगळ्या हक्कांसकट. घरोघरची खोटी माया उघडी पडली. खऱ्या मायेचं काय करायचं, हे मात्र कायदा करताना कुणाला सुचलं नाही.

निर्मला खरात याच सबनीसांकडे कामाला लागली तेव्हा त्यांच्या पत्नी, काकू, होत्या. काकू गेल्या, ती राहिली. म्हाताऱ्या सबनीसकाकांना उठवता-बसवता तिचा उजवा गुडघा झिजला. त्यात नवी कूर्चा बसवायची तर ती कामगार दवाखान्यातच, आणि तिथे कामगार असल्याचा दाखला लागे.

"काढू की दाखला," काका म्हणाले आणि त्यांनी कपाटातून पहिलंवहिलं यंत्र बाहेर काढलं. निर्मलाने नळी नाकाशी धरली. काका नुसते खोकले. सुई रेघ ओलांडून काचेला टेकली.

"हे बिघडलंय, काका."

"बिघडलीयस तू. मी खोकलो तर नळीसकट अर्धी उठलीस."

"श्वास खोटा सोडता येत नाही का?"

"नाही. म्हणून तर कायद्याने हे यंत्र घेतलं. ओढ लपवता येत नाही, निमे. खरोखर कमी झाली तरच सुई उतरते."

"मग तुमची करा कमी."

काका उगाचच चष्मा पुसत बसले.

त्या दिवसापासून घरात परकेपणाचा सराव सुरू झाला.

"साहेब, आपली गोळी."

"ठेवा, निर्मलाबाई."

"ठेवते. कालची कुंडीत सापडली, साहेब. तुळशीचा रक्तदाब झकास झालाय."

दोघंही हसत सुटली. सुई होती तिथेच राहिली.

कचेरीत जायचा दिवस उजाडला. तपासनीस बाईंनी दोघांच्या नाकाशी नळ्या लावल्या. "घरी बोलता तसं बोला," त्या म्हणाल्या.

काका निर्मलाकडे न बघता बोलले. "हिचा एक निळा कप आहे आमच्याकडे. इतकी वर्षं तो मी वेगळ्या फळीवर ठेवतो. आमच्या कपांत मिसळायला नको म्हणून."

निर्मलाला तो कप डोळ्यांपुढे दिसला. कामाला लागली त्याच महिन्यात काकांनी "हा तुझा" म्हणून हातात दिलेला. दुसऱ्या कुणी त्याला हात लावला तर तिला खपत नसे. तो वेगळ्या फळीवर असे, हे तर खरंच होतं. का, ते तिने कधी विचारलं नव्हतं.

तिची सुई रेघेखाली उतरली.

"कामगार," तपासनीस बाईंनी शिक्का मारला. "साहेबांची सुई मात्र शेवटपर्यंत वर होती. ते कपाचं बोलले तेव्हा तर अगदी टोकाला. पण एक खाली आली की पुरतं आम्हाला."

रिक्षात काकांनी आधी दाखला तिच्या हातात दिला. मग म्हणाले, "निमे, खोटं होतं ते."

"माहितीय, काका. तुमच्या सुईनेच सांगितलं."

"मग?"

"मग काय? गुडघा होईल आता." तिने त्यांच्या मफलरचं टोक कोटात खोचलं.

गुडघा झाला. करार झाला, गुरुवारची सुट्टीही ठरली. निर्मला जिना पोरीसारखी चढू लागली. काकांनी निळा कप आणून बाकीच्या कपांच्या मधोमध ठेवला. ती रोज त्यातूनच चहा प्यायची, धुवायची, आणि तिचा हात आपसूक त्याला पुन्हा त्या वेगळ्या फळीवर नेऊन ठेवायचा.

एका दुपारी ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. आत काका खोकले. पूर्वी खोकला संपायच्या आत तिचा दुखरा पाय उंबऱ्याला लागलेला असे. आता पाय धड होता. निर्मलाने हातातली काडी शेवटपर्यंत खुडली. खोकला थांबला. मग ती उठली.

दारात पोचली तेव्हा काकांनी पाण्याचा पेला स्वतःच ओठाला लावला होता.